मॅगझिनचा मेळ

नेमबाजीच्या पिस्तुलाची पारख करताना चापाची मृदुता, मुठीचा कोन आणि हातातील तोल यांचा विचार प्रत्येक जण करतो. परंतु काडतुसे ठेवण्याच्या त्या लहानशा पेटीकडे, म्हणजे मॅगझिनकडे, सहसा कोणाची दृष्टी वळत नाही. पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर सराव करीत असताना स्वतःचे पिस्तूल घेण्याची वेळ आली, तेव्हा माझ्या निवडीचा निकाल मात्र या उपेक्षित भागानेच लावला, आणि तो योग्य लावला असे माझे ठाम मत आहे.

माझा प्रकार २५ मीटर पिस्तुलाचा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, तो हाच. त्याच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद समोर येते व ७ सेकंद दूर होते, आणि त्या ३ सेकंदांत खाली धरलेला हात उचलून एकच गोळी झाडावयाची असते. अशा ५ गोळ्यांच्या मालिकेत एखादे काडतूस अडले, तर नियमाने पुन्हा संधी मिळाली तरी भंगलेली एकाग्रता परत मिळत नाही.

आता .२२ लाँग रायफल हे काडतूसच मुळात हट्टी. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ठिणगी पाडणारा मसाला त्या कडेतच भरलेला असल्यामुळे ती टाळता येत नाही. सबब पेटीत एकावर एक काडतुसे रचताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे राहावी लागते, अन्यथा दोन्ही एकमेकांत गुंततात. त्यातच शिशाच्या गोळीवरील मेण मॅगझिनच्या ओठांवर साचत जाते, आणि त्या ओठांचे वळण केसभर बिघडले तरी गोळीचे टोक नळीच्या तोंडाशी सरळ न जाता आदळते. म्हणून मॅगझिन पिस्तुलात बसणे ही एक गोष्ट आणि त्यातून काडतूस निर्वेध वर येणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट होय.

मला प्रथम दाखविण्यात आले ते एक जुने हॅमर्ली २०८. त्याचा चाप इतका निर्मळ होता की हातातून खाली ठेवू नये असे वाटे. परंतु त्याच्यासोबत ८ काडतुसांचे एकच मॅगझिन होते, तेही ओठांशी किंचित फाकलेले, आणि आमच्या मैदानावर त्या जातीचे दुसरे पिस्तूल कोणाजवळ नव्हते. नवे मॅगझिन मागवावे, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या सुट्या भागांचाही शस्त्रांतच अंतर्भाव होत असल्याने त्या पत्र्याच्या पेटीसाठीही परवाना, तपासणी आणि जकात यांची सारी वाट चालणे प्राप्त होते.

जुळणारे मॅगझिन मिळण्याची ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत नेमबाजी करणारे माझे मावसबंधू सांगतात की रुगरच्या १९८२ च्या मार्क टू पिस्तुलात मॅगझिनची कळ मुठीच्या बुडाशी होती, ती २००४ च्या मार्क थ्रीमध्ये चापामागे डाव्या अंगाला आली, आणि दिसण्यात जवळजवळ सारखी असलेली जुनी मॅगझिने नव्या पिस्तुलाला आहेत तशी चालेनाशी झाली. उलट २०१६ चे मार्क फोर मार्क थ्रीचीच मॅगझिने स्वीकारते. ज्या कारखान्याने नवे पिस्तूल काढताना जुन्या ग्राहकाच्या पेटीतील मॅगझिनांची आठवण ठेवली, त्याच्याविषयी मला खरा आदर वाटतो.

अखेरीस मी माझ्या सहकारी नेमबाजांपैकी अनेकींजवळ असलेले पार्दिनी पिस्तूल पसंत केले. पसंतीपूर्वी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्या सहकाऱ्यांची मॅगझिने एकेक करून त्या पिस्तुलात चढविली व प्रत्येकातून पाच-पाच गोळ्या झाडून पाहिल्या. परवानगीच्या अर्जात जादा मॅगझिनांची नोंद पिस्तुलाबरोबरच केली. आता आम्ही प्रत्येक मॅगझिनच्या तळाशी रंगाने क्रमांक घालतो, काडतूस अडले की तो क्रमांक वहीत टिपतो, आणि एकाच क्रमांकावर अडथळा पुन्हा आढळला तर ते मॅगझिन स्पर्धेच्या पेटीतून काढून केवळ सरावासाठी ठेवतो.