अम्मीची गाडी

हायब्रिड गाडी घेतली असं कळलं की आमच्या बोईसरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, चार्जिंग को कहाँ लगाते?" कुठंच लावत नाही असं सांगितलं, तर समोरच्याला वाटतं आम्ही काहीतरी लपवतोय. दुसरा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण डोळ्यांत दिसतो. उर्दू शाळेतल्या मास्तरानं ही लांबलचक, साहेबी गाडी आणली कुठून? पहिल्या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात आहे, दुसऱ्याचं आमच्या घरात. घरचं आधी सांगतो.

आम्ही दोघं भाऊ एका चुलीवर राहतो. आमची नोकरी पालघरच्या शाळेत. भाईजान बरीच वर्षं दुबईत होते. परत आल्यावर तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले. २०२२ च्या पावसाळ्यात अम्मीच्या मणक्याचं दुखणं उघडं पडलं आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या. बोईसरहून परळ म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली हे खरं, पण जिला धड बसवत नाही तिला लोकलच्या गर्दीत कसं न्यायचं? भाड्याच्या गाड्या केल्या. बोईसर ते चिल्हार फाटा या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला अम्मी पदर दातांत धरायची. ओरडायची नाही, त्याचाच आम्हाला जास्त त्रास व्हायचा.

मोठ्या गाडीची कल्पना भाईजानची. कॅमरी ही गाडी दुबईत टॅक्सी म्हणून फिरते. तिकडे मजूर माणूसही रात्री उशीर झाला तर तिच्यात बसतो. तीच गाडी इकडे आली की कंपनीच्या मालकाची होते. नवी घ्यायची तर आज ४५ लाखांच्या वर. पण सात वर्षं जुनी, २०१५ ची कॅमरी हायब्रिड मुंबईत नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळत होती. इतकी स्वस्त का, तर जुन्या हायब्रिडच्या बॅटरीला गिऱ्हाईक घाबरतं. भाईजानची दुबईची शिल्लक होती, आमचे चार पैसे होते. व्याजाचं कर्ज काढायचं नाही हा अब्बांच्या वेळेपासूनचा नियम. तो न मोडता डिसेंबर २०२२ मध्ये गाडी दारात आली. अम्मीला मागच्या सीटवर बसवून पालघरपर्यंत चक्कर मारून आणली. ती म्हणाली, "ये गाडी है के झूला?" तेवढ्यात आमचे पैसे वसूल झाले.

आता विज्ञानाचं. भारतात विकली गेलेली पहिली हायब्रिड मोटार होंडा सिव्हिक, २००८ ची. टोयोटानं कॅमरी हायब्रिड २०१३ पासून बेंगळुरूजवळ बिडदीला बांधायला घेतली. आमच्या गाडीत अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, जोडीला विजेची मोटर आणि मागच्या सीटच्या पाठीमागे बॅटरी. गाडी सुटताना, गल्लीतून हळू जाताना मोटर ओढते. वेग वाढला किंवा चढ लागला की इंजिन मदतीला येतं. ब्रेक लावला की तीच मोटर जनरेटर होते आणि चाकांची गती वीज होऊन बॅटरीत परत जाते. साध्या गाडीत ही गती ब्रेकवर घासून उष्णता होते आणि हवेत जाते. आमची गाडी त्यातलं थोडं वाचवते, एवढाच तिचा चमत्कार.

शाळेत मुलांनी विचारलंच, "सर, तारापूर की लाईट से चलती क्या?" अणुवीज केंद्राच्या सावलीत वाढलेल्या मुलांचा हा प्रश्न बरोबर आहे. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ साली सुरू झालं. पण त्याची एक युनिट वीजही आमच्या गाडीत जात नाही. गाडीत वीज जी येते ती शेवटी पेट्रोलमधूनच. हे समजावताना आम्ही सायकलचा डायनॅमो आठवायला सांगितला. डायनॅमो टायरला टेकवला की दिवा लागतो, पण पायडल जड होतं. ते जड होणं म्हणजेच ब्रेक. पुस्तकात ‘हरकी तवानाई’ असा शब्द आहे. तो त्या दिवशी वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला. हायब्रिडला उर्दूत काय म्हणायचं असं विचारलं, तर एक पोरगा म्हणाला, "दोगली गाडी!" वर्ग हसला. मराठीत संकरित म्हणतात, पण तो शब्द ऐकला की जर्सी गाय आठवते. आम्ही ‘मख़लूत’ सांगितला. तो फळ्यावरच राहिला. पोरं अजून दोगलीच म्हणतात.

या गाडीची खरी किंमत आम्हाला घोडबंदरच्या अलीकडे कळली. २०२४ च्या सुरुवातीला महामार्गाच्या काँक्रिटीकरणाचं काम चालू होतं आणि ट्रकांच्या रांगा कुठून कुठपर्यंत, सांगता येत नव्हतं. दुसरी गाडी अशा वेळी उभ्या उभ्या थरथरते. इंजिन बंद करावं तर एसी बंद होतो, चालू ठेवावं तर ती थरथर आजारी माणसाच्या पाठीत जाते. आमच्या गाडीत एसी बॅटरीवर चालतो. इंजिन गप्प. मधून कधी बॅटरी उतरली की आपणहून सुरू होतं, थोडा वेळ चालतं, पुन्हा बंद. अम्मी दोन-दोन तास त्या थंडाव्यात पडून राहायची. तसबीहच्या मण्यांचा आवाज ऐकू यायचा, इतकं आत शांत असायचं. बाहेर हॉर्न, धूळ, शिव्या. लोक ज्याला ऐष म्हणतात ती आम्हाला त्या गर्दीत औषधाच्या पुडीसारखी वाटली.

महामार्गाचं भय मात्र गाडी कितीही मोठी असली तरी जात नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आमच्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या मर्सिडीजला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टा लावलेला नव्हता. आम्ही गाडी घेतली ती त्यानंतर तीन महिन्यांनी. अम्मीच्या पट्ट्याखाली घडी केलेली दुलई ठेवायचो, पण पट्टा सोडला नाही. आजही मागे बसणाऱ्यानं पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही.

शांत गाडीची एक अडचण मोहल्ल्यात आली. मशिदीच्या गल्लीत एक नाबीना हाफ़िज़साहेब राहतात. कुणाची मोटरसायकल, कुणाची रिक्षा, हे ते आवाजावरून सांगतात. एके दिवशी म्हणाले, "सर, आपकी गाडी चोर की चाल से आती है." आम्ही हसलो, पण बोलणं खरं होतं. कमी वेगात आमच्या गाडीचा आवाजच होत नाही. कोंबड्या, पोरं, काठी टेकत येणारी म्हातारी माणसं, कुणालाच ती कळत नाही. युरोपात २०१९ पासून अशा नव्या गाड्यांना हळू चालताना मुद्दाम आवाज काढण्याची सक्ती सुरू झाली, ती उगाच नाही. आमची गाडी त्याच्या आधीची. आम्ही आमचा उपाय केला. गल्लीत वळलो की काच खाली करायची आणि मोठ्यानं सलाम घालायचा. आता हाफ़िज़साहेब कोपऱ्यावरूनच जवाब देतात. त्या निमित्तानं गल्लीतल्या सगळ्यांशीच बोलणं वाढलं. बंद काचेच्या गाडीतून ते झालं नसतं.

शाळेचं कोडं इतकं सोपं नव्हतं. आमच्याबरोबर एक शिक्षणसेवक आहेत. सरकारनं २०२३ मध्ये मानधन वाढवलं, तरी माध्यमिकला महिना १८,००० रुपये. तीन वर्षं त्यातच काढायची. ते सायकलवर येतात आणि आम्ही कॅमरी लावणार फाटकाशी? आम्ही पूर्वीसारखेच लोकलनं जातो. बोईसरहून पालघर लोकलनं कितीसं लांब! गाडी शाळेत नेली ती दोनदाच, सहलीत पडलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायला आणि मुलांना बॅटरी दाखवायला. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, त्यात मोठ्या दाबाची वीज असते, हे सगळ्यांना पाठ करून घेतलं होतं.

घेणाऱ्यानं खर्चही ऐकून ठेवावा. कंपनीनं सांगितलेलं लिटरला १९ किलोमीटर आमच्या हाताला कधी लागलं नाही, १५-१६ पडतं. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे, त्यासाठी ही गाडी बनलेली नाही. त्यातही थोडं घटलं. गाडी सव्वापंधरा-सोळा फूट लांब, पोट जमिनीजवळ; उमरोळीच्या रस्त्यावरचा उंच गतिरोधक तिरका घ्यावा लागतो. मागच्या सीटजवळ एक जाळी आहे, तिथून बॅटरीला थंड हवा जाते. तिच्यावर पिशवी किंवा चादर ठेवायची नाही, धूळ साचू द्यायची नाही. मोठ्या बॅटरीखेरीज साधी १२ व्होल्टची एक वेगळी असते. सुटीत गाडी उभी राहिली आणि ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. मोठ्या बॅटरीला आता कंपनीची हमी नाही. ती गेली तर खर्च लाखांत. म्हणून दोघं भाऊ दर महिन्याला एका डब्यात पैसे टाकतो.

अम्मी २०२४ च्या रमज़ानमध्ये गेली. शेवटच्या फेरीला परत येताना मनोरच्या पुढं झोपली होती, चेहऱ्यावर दुखणं नव्हतं.

चाळीस दिवस झाले आणि भाईजाननी विषय काढला. ज्यासाठी घेतली ती गरज संपली, आता ही गाडी ठेवणं म्हणजे इसराफ़, फ़ुज़ूलख़र्ची. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. गरज संपली की तीच वस्तू ऐष होते; गाडी बदलत नाही, तिचा अर्थ बदलतो. आम्ही इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, वापरातल्या वाहनावर ज़कात नाही. बाकी तुमचं तुम्ही ठरवा. दोन गिऱ्हाइकं येऊनही गेली. एकानं बॅटरीचं वय विचारलं आणि चहा न पिताच उठला.

तोवर दुसरंच चालू झालं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या चाचांना डायलिसिसला न्यायचं होतं. मग चिंचणीच्या एका बाईंना रात्री मुंबईला. मग शाळेच्या शिपाईमामांच्या सुनेला, पोट कापून बाळंतपण झाल्यावर घरी आणायचं होतं. रिक्षात बसवत नव्हतं तिला. कुणी म्हणालं नाही की तुमची गाडी द्या. म्हणायचे, "सर, अम्मीवाली गाडी मिलेगी क्या?" अजून तेच म्हणतात. पेट्रोल ज्याचं काम त्यानं भरायचं, आणि नसेल जमत तर नाही भरायचं. चालवायला आम्ही दोघांपैकी एक. लग्नाची वरात, फोटो, सहल, यांना गाडी मिळत नाही. त्यावरून एक-दोघं रुसलेही.

भाईजाननी मग विकायचं नाव काढलं नाही. २०३० मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, नव्यानं नोंदणी करावी लागेल, त्याआधी बॅटरी दम सोडेल की नाही, अल्लाह जाणे. डब्यात अजून बॅटरीपुरते पैसे जमलेले नाहीत. या महिन्यात भाईजाननी त्यात आमच्यापेक्षा पाचशे जास्त टाकले.