फाईल उघडली नाही, तेच बरं झालं

२०१८ च्या मार्चमध्ये मुंबईत काचेपलीकडच्या एका तरुण अधिकाऱ्याने मला आणि माझ्या पत्नीला अमेरिकेचा व्हिसा नाकारला. सगळा मामला अडीच मिनिटांचा. माझ्या काखेत पावणेदोन किलोची फाईल होती. वजन नेमकं सांगतोय, कारण निघण्याआधी गल्लीतल्या वाण्याच्या काट्यावर ती ठेवून पाहिली होती. तिच्यातला एकही कागद त्याने मागितला नाही. पुढची पाच वर्षं आमच्या मलकापुरात, ढेबेवाडी फाट्यावरच्या चहाच्या गाड्यापासून आगाशिवनगरातल्या गणपती मंडळाच्या बैठकीपर्यंत, जिथे दोन माणसं भेटतील तिथे मी सांगत आलो, की ही माणसं आपल्याला चोर समजतात. ते विधान आज मागे घेतो आहे.

आधी माझी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे माझा राग कुठून आला ते कळेल. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात तेहतीस वर्षं काढली. सातबारा, आठ-अ, सोसायटीचा बेबाकी दाखला, दोन जामीनदार. समोरचा माणूस किती कळवळून बोलतो याच्याशी मला कर्तव्य नसे. कागद आहे का? आहे, तर बसा. नाही, तर उद्या या. त्यामुळे व्हिसाचं ठरलं तेव्हा मी निर्धास्त होतो. कागदाच्या खेळात मला कोण हरवणार?

लेक टेक्सासमध्ये, पहिलं बाळंतपण मे महिन्यात. आम्ही एक एजंट गाठला. त्याचा सल्ला असा, की बाळंतपणाचं नाव काढू नका. नातवंड सांभाळायला येणारी माणसं परत जात नाहीत, असं त्यांना वाटतं. फिरायला जातोय म्हणा. त्याने नायगारा, डिस्नेलँड असा पंधरा दिवसांचा कार्यक्रम छापून दिला. "आणि तात्या, खात्यावर जरा वजन दिसू दे," असंही म्हणाला. मी मेव्हण्याकडून सहा लाख घेतले आणि ठेव पावती केली. आता लाज वाटते ती याची, की कर्जदाराने अर्जाआधी पंधरा दिवसांची ठेव आणून दाखवली, तर ती कुणाची उसनवार आहे हे मी पावतीच्या तारखेवरून ओळखायचो आणि चारचौघांत त्याला बोलायचो. तेच मी स्वतः केलं, आणि त्याला तयारी हे नाव दिलं.

फाईल जाड होत गेली. हिचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर माझं, मतदार ओळखपत्रावर आडनावात एक अक्षर जास्त. त्यासाठी कराडला तहसील कचेरीजवळ प्रतिज्ञापत्र केलं. आमच्या दोघांचीही जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनलाच जन्मलेली आहेत, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजींना रकाना भरायचा असायचा. मी पावसाळा सरताना झालो, असं आई सांगते. म्हणजे सगळ्या साक्षांकित कागदांच्या मुळाशी जी तारीख होती, ती गुरुजींच्या सोयीची होती. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, की कागद पक्का असला म्हणून त्यातली गोष्ट खरी असते असं नाही. पण मी वजन करण्यात गुंतलो होतो.

मुलाखत इंग्रजीत देईन, असा माझा हट्ट होता. मुंबईत मराठीतून बोलायची सोय असते हे ठाऊक असूनही. ही शेजारी गप्प उभी. कशासाठी जाताय? फिरायला. तिकडे कोण आहे? मुलगी. तिला बाळ होणार आहे का? मी थांबलो. फार तर दोन सेकंद, पण काचेपलीकडे ते थांबणं दिसलं असणार. "यस," म्हणालो. त्याने पासपोर्ट परत सरकवले आणि एक छापील चिठ्ठी दिली.

त्या चिठ्ठीवरचं कलम मी घरी येऊन वाचून काढलं. अमेरिकेचा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा १९५२ चा, त्यातलं २१४ बी. त्याचा मतलब असा, की तात्पुरत्या व्हिसासाठी येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे असं आधी धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवायचं. पटलं नाही तर नकार. अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण फी नव्याने. तेव्हा माणशी १६० डॉलर, दोघांचे वीस हजारांच्या वर गेले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती पैशांनी नव्हे. आपल्याकडे गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, आणि इथे मी न केलेल्या गुन्ह्याबद्दल आधीच दोषी!

मे महिन्यात नातू झाला. हिने केलेले डिंकाचे लाडू कुणाच्या तरी हातून गेले. ही नाही गेली. व्हिडिओ कॉलवर बाळाची टाळू बघून ती म्हणायची, "तेल जिरत नाहीये नीट." मी बाहेर जाऊन बसायचो.

मग मी गावचा सल्लागार झालो. आजारपणाचा अनुभव आला की आपण वैद्य होतो, तसं. कुणी आखातात चाललं की त्याचा पासपोर्ट बघायचा. दहावी झालेली नसेल तर ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते, ती घेतली का? कुणी युरोप सहलीला निघालं की तीस हजार युरोंचा विमा आणि एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवसांचा हिशेब समजावायचा. काठमांडूला निघालेल्या म्हाताऱ्यांना सांगायचं, पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र घ्या. हे सगळं बरोबर होतं. पण अमेरिकेचं विचारलं, की मी एकच सांगायचो, "कायबी करा, देत न्हाईत. नशीब असतंय." एका मुलाला तर खात्यात पैसे फिरवायचाही सल्ला दिला. त्याने ऐकला नाही, हे माझं भाग्य.

२०२३ च्या सुरुवातीला लेक पुन्हा म्हणाली, अर्ज करा. करोनानंतर मुंबईत पर्यटक व्हिसाच्या पहिल्या मुलाखतीसाठी वर्षाहून जास्त वाट पाहावी लागत होती. आम्हाला पुढच्या वर्षीची एप्रिलची तारीख मिळाली. कामाचे कागद काढायला मी जुनी फाईल उपसली. मेव्हण्याच्या पैशांच्या त्या ठेव पावतीची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात होती. तिच्या मागे चिकटलेलं कॅलेंडरचं एक पान निघालं. माझंच अक्षर.

"६ + ६ = १ वर्ष. मग बघू. आई – अक्काकडे. घर – १८ म्हणतो."

खाली बसलो. सगळं आठवलं. जानेवारी २०१८ मध्ये मी एका दलालाला घर दाखवलं होतं. त्याने अठरा लाख म्हटलं होतं. तिकडे पोचल्यावर साधारण सहा महिने राहायला मिळतात, संपण्याआधी अर्ज केला तर आणखी सहा मागता येतात, हे मी शोधून ठेवलं होतं. लेक नोकरीच्या व्हिसावर, त्यामुळे आईवडलांना कायमचं नेण्याची तिच्यापाशी वाटच नव्हती. तिचा नवरा आणि मुलं तिच्यामागे जाऊ शकतात, आईबाप नाही. तरीही "मग बघू". आणि आई, तेव्हा ऐंशीची, बहिणीकडे. ते बहिणीलाही विचारलं नव्हतं आणि हिलाही सांगितलं नव्हतं.

मुदतवाढ मागणं हा गुन्हा नाही. पण पंधरा दिवस फिरायला जातो असं सांगणाऱ्या माणसाच्या फाईलमध्ये घराची किंमत आणि आईची वाटणी लिहिलेली असेल, तर त्याच्याविषयी काय धरून चालायचं? त्या पोराने फाईल उघडली नाही म्हणून मी पाच वर्षं बोंबलत होतो. उघडली असती, तर माझ्याच अक्षरातला जबाब त्याच्या हाती लागला असता. तो माझ्याबद्दल चुकला नव्हता. माझ्याबद्दल मीच खोटं बोलत होतो, आणि ते इतकं मनापासून, की राग खरा वाटावा.

एकदा हे कबूल केल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. आमच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत. कृष्णा रुग्णालयाकडे शिकायला येणारी मुलं तिथे भाड्याने राहतात. मी प्रत्येकाकडून अकरा महिन्यांचा करार करून घेतो, अनामत घेतो, पोलिसांकडे माहिती देतो. गाव कुठलं, वडील काय करतात, कोर्स कधी संपतो? म्हणजे हा भाडेकरू खोली सोडणार नाही असं आधीच धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने मला पटवायचं. हे माझं २१४ बी. आणि माझ्या खिडकीवरही अपील नाही.

आपल्या भागाचा इतिहासही काही वेगळं सांगत नाही. ढेबेवाडी खोऱ्यातून, सगळ्या पाटण तालुक्यातून माणसं मुंबईला गेली ती दोन-तीन वर्षांच्या बोलीवर. घराचं छप्पर घालू, बहिणीचं लग्न करू, परत येऊ. गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझी वाहिली. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. माणसं तिकडचीच होऊन गेली. माझे चुलते गिरणीत होते. ते आले, पण १९८२ चा संप फसल्यानंतर, सगळं गमावून. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर गेले. जत्रेला येतात, पुन्हा जातात. यातलं कुणीही निघताना खोटं बोललं नव्हतं. जिथे पोट भरतं आणि लेकरं असतात, तिथे माणूस रुजतो, एवढंच. मुंबईला व्हिसा लागत असता आणि खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं असतं, "परत येणार का?", तर सगळे छातीवर हात ठेवून हो म्हणाले असते, आणि बहुतेकांच्या बाबतीत कारकुनाचा संशय खरा ठरला असता.

एक तक्रार मात्र मी सोडलेली नाही. अमेरिकेतल्या माणसाला आपल्याकडे फिरायला यायचं तर तो घरबसल्या ई-व्हिसा काढतो. आम्ही मात्र मलकापूरहून मुंबई गाठायची, एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत, वर लॉजचं भाडं. संशय घ्यावा, पण तो पासपोर्टचा रंग बघून कमी-जास्त होतो, हे मला अजून खटकतं. माझ्या बाबतीत तो बरोबर निघाला, म्हणून सगळ्यांच्या बाबतीत न्याय्य ठरत नाही.

ते कॅलेंडरचं पान मी हिला दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्यांना विचारलं होतंत?" तिच्या सासूबद्दल विचारत होती.

या वेळी अर्ज आम्हीच भरला. एजंट नाही, मेव्हण्याचे पैसे नाहीत.  आईला विचारलं, बहिणीला विचारलं, चार महिन्यांची बोली केली. २०२४ च्या एप्रिलमध्ये खिडकीवर आम्ही मराठीत बोललो. म्हणजे ही बोलली. कशासाठी? "लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. पहिल्या वेळी जाता आलं नव्हतं." किती दिवस? "चार महिने." घरी कोण असतं? "सासूबाई. शहाऐंशीच्या आहेत. नणंदेकडं ठेवून निघालोय, ऑगस्टात आणायचंय त्यांना." फाईल याही वेळी उघडली नाही. पासपोर्ट ठेवून घेतले.

त्या जाड फाईलमध्ये सातबारा होता, पेन्शनचं पुस्तक होतं, घरपट्टीची पावती होती. त्या कॅलेंडरच्या पानाखेरीज आईबद्दलचा एकही कागद नव्हता. मी परत येण्याचं खरं कारण काय, हे माझ्या बायकोला ठाऊक होतं आणि मला अठरा लाखांचा हिशेब.

आता कुणी विचारायला आलं, की मी फाईलबद्दल बोलतच नाही. विचारतो, तू परत का येशील? उत्तर द्यायला वेळ लागला, तर म्हणतो, आधी घरी जाऊन ते ठरव.

टेक्सासमध्ये जुलैअखेर लेक म्हणालीच, "आण्णा, आणखी राहता का? दोन महिने तरी." नात माझ्या मांडीवर होती. मी लगेच नाही म्हणालो नाही, हेही इथे लिहून ठेवतो. दोन रात्री झोप लागली नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही परत आलो. आईला आणायला बहिणीकडे गेलो. ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती. माझ्याकडे बघून तिने हातातली पाकळी खाली ठेवली.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, ऱ्हातूस तिकडंच."

मी तिच्या पिशव्या उचलल्या आणि गाडीत ठेवल्या.