नाव, गाव आणि कार्बन

कला शाखेच्या विद्यार्थ्यानं रसायनावर लिहावं, हे वाचून पुष्कळांना हसू येईल. पण बारावीपर्यंत मी विज्ञानाच्या वर्गात बसलो होतो. तिथलं बरंचसं विसरलो. सेंद्रिय संयुगांची नावं मात्र मनातून जात नाहीत.

ही नावं पूर्वी मुळावरून पडत. मुंग्यांपासून मिळालं ते फॉर्मिक आम्ल, कारण लॅटिनमध्ये मुंगीला फॉर्मिका म्हणतात. लोण्यावरून ब्युटिरिक. आणि कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक या तिन्ही आम्लांची नावं शेळीवरून! एका घरची तीन भावंडं. थोरलं कोण, धाकटं कोण, नावावरून कळायची सोय नाही.

आमच्या गावातही हीच रीत. "कुणाचा रे तू?" असंच विचारतात. आमच्या दारात शेळ्या, म्हणून मी 'शेरडंवाल्याचा'. शहरात हाच प्रश्न सभ्य कपडे घालून येतो. "आडनाव काय?" ते सांगितलं, की समोरचा पुढचं सगळं मनातल्या मनात ठरवून मोकळा होतो.

1892 साली जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी नामकरणाच्या नियमांचा पाया घातला. तू आलास कुठून, हे विचारायचं नाही. तुझी रचना कशी आहे, ते पाहायचं. कार्बनची लांबात लांब साखळी शोधायची आणि मोजायची. तीन कार्बनच्या साखळीवर मधल्या जागी मिथिलची फांदी असेल, तर नाव 2-मिथिलप्रोपेन. शेळीची ती तीन भावंडं झाली हेक्झानोइक, ऑक्टानोइक आणि डेकानोइक. म्हणजे सहा, आठ आणि दहा कार्बनची. हे शिकलो त्या दिवशी वाटलं, माणसांसाठीही कुणी अशी जिनिव्हा भरवावी!

पण या नियमांनी जुनं सारंच पुसलेलं नाही. ब्युटेन या नावात लोणी अजून आहे. 2013 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही मिथेनोइकपेक्षा फॉर्मिक आम्ल हेच नाव पसंत केलं आहे. मुंगी नावात राहिली. पण त्या आम्लाचे गुणधर्म काही कुणी मुंगीवरून ठरवत नाही.

म्हणून मलाही घरच्या शेळ्या लपवाव्याशा वाटत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षाची फी त्यांतलीच एक विकून बापानं भरली. माझ्या नावात ती खुशाल राहू दे. मागणं एवढंच, की नाव ऐकून थांबू नका, साखळीसुद्धा मोजा.