‘बाय’ म्हणजे विकत घेणं नव्हे!

ई-बुकच्या दुकानात बटणावर ‘बाय’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं. तुम्ही ते दाबता, कार्डावरून पैसे जातात, पुस्तक ‘येतं’. झालं की तुमचं? अहो, कुठलं! पानभर बारीक अक्षरांतल्या अटी कोण वाचतंय? त्यात लिहिलेलं असतं की तुम्हाला फक्त वाचायचं लायसन्स मिळालंय.

मला हे कळलं ते बाबांच्या पुस्तकांमुळे. मोतीबिंदूनंतर छापील पुस्तक त्यांना जमेना. ई-रीडरवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं, म्हणून स्वारी एकदम खूश! पेन्शनमधून एकेक करत त्यांनी दीडशेच्या वर पुस्तकं जमवली, रीतसर पैसे मोजून. ते गेल्यावर लाकडी कपाटातल्या पुस्तकांची वाटणी ताईनं आणि मी एका दुपारी केली. ज्योतिषाची कुणालाच नको होती, ती शेजारच्या काकांनी नेली. आणि ई-रीडरमधली? ती माझ्या अकाउंटवर आणता येतील का, असं कंपनीला विचारलं. चॅटवरच्या मुलानं आधी सहानुभूतीचं तयार वाक्य चिकटवलं, मग म्हणाला, ‘मॅडम, लायसन्स ट्रान्स्फर होत नाही.’ बाबांनी जागोजागी केलेल्या खुणाही त्या कुलपातच.

या कुलपाला डीआरएम म्हणतात. फाइल सांकेतिक भाषेत बंद केलेली असते आणि तिची किल्ली तुमच्या अकाउंटला बांधलेली असते. त्यामुळे एका कंपनीचं पुस्तक दुसरीच्या रीडरवर सहसा उघडत नाही. मैत्रिणीला द्यायचं, जुन्या पुस्तकवाल्याला विकायचं, विसरा.

शिवाय किल्ली कंपनीच्या हातात. २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांच्या किंडलवरून परस्पर एक पुस्तक पुसून टाकलं, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पुस्तक कुठलं, तर ऑर्वेलचं ‘१९८४’! (नंतर कंपनीनं माफी मागितली.) २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-बुकांचं दुकानच गुंडाळलं. पैसे परत केले, टिपणं काढणाऱ्यांना वर २५ डॉलर दिले, पण पुस्तकं गेली ती गेलीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं कम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं रीडरमध्ये टाकायची सोयही बंद झाली.

लेखकाचे पैसे बुडू नयेत, हे एकदम मान्य. पण पायरेटेड पीडीएफ व्हॉट्सॲपवर कशा फिरतात, ते तुम्ही-आम्ही पाहतोच. फुकट्याला कुलूप लागतच नाही. ते लागतं पैसे मोजणाऱ्याला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ६५ए कलम आलं. हक्कभंगाच्या इराद्यानं कुलूप तोडलंत, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बाबांच्या पुस्तकांसाठी वकिलाकडे जायचं का, यावर ताई आणि मी अजून भांडतोय.

आणि कुलपाशिवाय धंदा होत नाही म्हणावं, तर सायन्स फिक्शनवाल्या टॉर प्रकाशनानं २०१२ मध्येच आपल्या ई-बुकांवरचं डीआरएम काढून टाकलं. त्यांचं दुकान काही बुडालं नाही.

मी हल्ली ई-बुक घेण्याआधी ‘डीआरएम फ्री’ लिहिलंय का ते बघते. नसेल तर कागदी मागवते. गेल्या महिन्यात तीन आली. त्यातलं एक ऑफिसातल्या मैत्रिणीनं ‘दोन दिवसांत देते’ म्हणून नेलंय. अजून पत्ता नाही.