गोम

इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराच्या टेबलावर कधी तुमची नजर गेली असेल, तर दोन्ही अंगांनी पाय फुटलेल्या काळ्या, चपट्या वस्तू तुम्ही पाहिल्या असतील. पुस्तके त्यांना एकात्मिक परिपथ म्हणतात. व्यवहारात सारे ‘आयसी’ किंवा ‘चिप’ म्हणतात. मला ती नेहमी गोमेसारखी वाटत आली आहे. आणि मराठीत ‘गोम’ या शब्दाला जो दुसरा अर्थ आहे, तोही तिला लागू पडतो.

चिप सर्किट बोर्डावर थेट डाख देऊन जोडता येते. परंतु जी पुढेमागे काढावी लागेल, तिच्यासाठी आधी एक सॉकेट बसवतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते ‘आयसी बेस’ या नावाने मागावे. १४ पायांची चिप, १४ छिद्रांचे सॉकेट. लगतच्या दोन पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर, दोन रांगांतील ७.६२. सारे इतके सममित, की चिप उलटी फिरवली तरी तितक्याच सहजतेने आत जाते. गोम आहे ती इथे. सॉकेट तक्रार करीत नाही. ७४०० ही सर्वपरिचित चिप घ्या. तिच्या १४व्या पायाला पाच व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि ७वा पाय ग्राउंडला जोडलेला असतो. चिप उलटी बसली की या दोहोंची नेमकी अदलाबदल होते. मग ती बोट भाजेल इतकी तापते आणि बहुधा पुन्हा कामाची राहत नाही.

निर्मात्याने ठेवलेली खूण म्हणजे एका टोकाची अर्धगोल खाच, किंवा कोपऱ्यातला ठिपका. खाच वर धरली की डावीकडचा सर्वांत वरचा पाय पहिला. मोजणी डावीकडून खाली आणि उजवीकडून वर, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट. सॉकेटलाही खाच असते. पण ते लावणाऱ्याने स्वतःच उलटे लावले असेल तर? म्हणून बोर्डावर छापलेली आकृती पाहावी.

नव्या चिपचे पाय किंचित फाकलेले असतात, त्यामुळे ती सॉकेटमध्ये सरळ उतरत नाही. एकेक पाय चिमट्याने वळवण्याच्या मोहात पडू नका. रांग वेडीवाकडी होते. चिप कडेवर उभी करून एक संपूर्ण रांग टेबलावर टेकवावी, दोन्ही टोके धरून हलकेच कलवावे. सातही पाय एकदम वळतात. मग दुसरी रांग. किती दाबावे हे कोणतेही पुस्तक सांगू शकणार नाही; दोनचार स्वस्त चिपवर बोटांना ते कळते. नंतर सर्व टोके छिद्रांवर ठेवून डोळा बोर्डाच्या पातळीत आणावा, आणि खात्री झाल्यावरच अंगठ्याने दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा.

ही खात्री का? एखादा पाय छिद्रात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडतो. वरून सारे नीटनेटके दिसते. तो पाय कधी टेकतो, कधी टेकत नाही. सकाळी चाललेले यंत्र दुपारी थांबते, आणि दोष शोधणारा सर्वत्र शोधतो, तिथे सोडून. त्यात ऊन-थंडीच्या आवर्तनांनी चिप सॉकेटमधून हळूहळू वर सरकते ते निराळेच. १९८० सालच्या ‘ॲपल थ्री’ संगणकाच्या मालकांना तो किंचित उचलून खाली आपटण्याचा सल्ला दिला गेल्याची गोष्ट सांगतात. उपाय ओबडधोबड, पण तर्काला धरून.

सर्वांत अवघड प्रसंग जुन्या यंत्रांचा. त्यांतील ईप्रॉम चिपमध्ये यंत्राचा सारा प्रोग्रॅम साठवलेला असतो. काचेच्या खिडकीतून अतिनील किरण आत जाऊन तो पुसला जाऊ नये म्हणून वर कागद चिकटवलेला असतो. बनवणारी कंपनी बंद पडलेली, प्रोग्रॅमची दुसरी प्रत कुठेच नाही. प्रत काढावी हे खरे. पण ती काढण्यासाठी चिप आधी उचलावी लागते, वाचकयंत्राच्या सॉकेटमध्ये बसवावी लागते, आणि पुन्हा मूळ जागी न्यावी लागते. वर्षानुवर्षे एका जागी राहिलेले पाय दोनदा वाकले तर तुटतात. अशा वेळी मी पातळ स्क्रूड्रायव्हर एका टोकाखाली केसभर सरकवतो, मग दुसऱ्या टोकाखाली, मग पुन्हा पहिल्या. यंत्राचा मालक शेजारी उभा असतो. तो काही बोलत नाही.