बाबांची फियाट

आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला धनी ठरलेला होता. आरामखुर्ची बाबांची, पाटा-वरवंटा आजीचा, शिवणयंत्र आईचे. रेडिओ सगळ्यांचा, पण सातच्या बातम्यांना बाबांचा. आणि फियाट अर्थातच बाबांची. हा शब्दप्रयोग आम्हा दोघी बहिणींच्या तोंडी इतका रुळला होता की पुढे दोघीही मराठीच्या अध्यापक झाल्यावर, थोरली साताऱ्यात आणि धाकटी सांगलीत, विभक्तिविचार शिकवताना षष्ठीचे उदाहरण म्हणून फळ्यावर आपोआप तेच लिहिले जाई. षष्ठीतल्या शब्दाचा संबंध क्रियापदाशी नसतो, पुढच्या नामाशी असतो, म्हणून तिला कारक मानत नाहीत, हे वाक्यही त्यामागून ठरल्यासारखे येई. 2025 च्या एप्रिलमध्ये ती गाडी 27 वर्षांनी आम्हाला पुन्हा भेटली. त्यानंतर आम्ही हे उदाहरण देणे सोडले आहे.

खरे तर ती फियाट नव्हतीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डी तयार होऊ लागली. पुढे इटलीच्या कंपनीशी असलेला करार संपला, तेव्हा त्याच गाडीचे नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी झाले. आमची गाडी 1979 ची, म्हणजे कागदोपत्री पद्मिनीच. पण 'पद्मिनी काढतो बाहेर' असे म्हणणारा माणूस निदान कराडात तरी आम्ही पाहिला नाही. नाव चितोडच्या राणीवरून दिले असे म्हणतात. एमएला असताना पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी या जुन्या वर्गवारीशी गाठ पडली, तेव्हा आम्हाला राणीच्या आधी आमची गाडी आठवली होती. आणि कुंभार्ली घाटात तिची जी अवस्था होई ती पाहता नाव ठेवणाऱ्यांची वर्गवारी चुकली असावी, अशी शंकाही आली होती.

1986 साली ती घरी आली, तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती आणि धाकटी पाच. मारुती रस्त्यावर येऊन दोन-अडीच वर्षे झाली होती. ऐपतदार लोक जुन्या फियाटी काढून टाकू लागले होते. सांगलीच्या एका डॉक्टरांनी आपली फिकट निळी गाडी विकायला काढली आणि तहसील कचेरीसमोर वकिली करणाऱ्या आमच्या बाबांच्या दारात ती उभी राहिली. पुढची बैठक सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, पुढच्या दारांना त्रिकोणी फिरत्या काचा. त्या काचेतून येणारा वारा नेमका तोंडावर यायचा आणि त्या जागेसाठी आमची भांडणे व्हायची. नंबराच्या चार आकड्यांची बेरीज नऊ येते म्हणून आजी खूश होती. धाकटी त्या वर्षी मुळाक्षरे शिकत होती. तिने समोरच्या खणाच्या पत्र्याच्या झाकणावर, आतल्या बाजूने, कर्कटकाने एक मोठा 'ळ' कोरून ठेवला. मार थोरलीने खाल्ला. (या बाबतीत आमच्यात आजही मतभेद आहेत.)

आजोळ चिपळूणला. दर मे महिन्यात पाटण, कोयनानगर करत आम्ही घाट उतरत असू, आणि जूनच्या तोंडाशी आंब्यांच्या पेट्या घेऊन तोच घाट चढत असू. उतरताना काही होत नसे. चढताना मात्र पोफळी मागे पडली की गाडी गुरगुरू लागे, आचके देई आणि एखाद्या वळणावर थांबे. इंजिन 1089 सीसीचे, माणसे सहा, आंबे वेगळेच. उन्हाने आणि इंजिनच्या आचेने पेट्रोल पंपातच त्याची वाफ होई आणि कार्बोरेटरपर्यंत थेंब पोचत नसे. बाबा उतरून बॉनेट उघडत आणि कमरेवर हात ठेवून दरीकडे पाहत उभे राहत. मागच्या दारातून आई उतरे. ती आधी चाकाखाली दगड लावी, मग जुन्या लुगड्याचा तुकडा पाण्यात भिजवून पिळी आणि पंपावर गुंडाळून ठेवी. वीसेक मिनिटांनी तो कोरडा झाला की पुन्हा भिजवी. रेडिएटरचे झाकण केव्हा उघडायचे आणि केव्हा त्याला हात लावायचा नाही, हेही तिलाच कळे. मग बाबा गाडी सुरू करत, आई दगड काढून धावत येऊन मागे बसे, आणि वर हेळवाकला पोचल्यावर चहा पिताना बाबा सर्वांना सांगत, 'चढवली बघा.'

हे दृश्य आम्ही डझनभर वेळा तरी पाहिले असेल. त्याविषयी बोललोही असू पुष्कळदा. पण त्या बोलण्यात ओले फडके विनोदाचा भाग म्हणून येई आणि घाट चढवण्याचे श्रेय बाबांकडे जाई. पुढची बैठक सलग असल्याने तिघे सहज मावत. तिथे बाबा, आतेभाऊ आणि कोणीतरी अशील किंवा पाहुणा. आई नेहमी मागे, आजी आणि आम्हा दोघींबरोबर. आतेभाऊ सोळाव्या वर्षी गावाबाहेरच्या माळावर त्याच गाडीवर गाडी शिकला. आम्हाला शिकवावे असे कोणाला सुचले नाही. आम्हालाही सुचले नाही, हे इथे नोंदवलेले बरे.

1998 मध्ये गाडी विकली. बाबांना काचबिंदू झाला होता, रात्रीचे दिसत नव्हते. एकदा फाटकाचा खांब आणि एकदा शेजाऱ्यांची स्कूटर अशा दोन घटना घडल्या होत्या. कोल्हापूरकडचे एक कंत्राटदार येऊन गाडी घेऊन गेले. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. त्या दोन दिवसांवर थोरलीने पुढे एक ललित लेख लिहिला आणि तो एका दिवाळी अंकात छापूनही आला. त्यात गाडी आहे, बाबांचे मौन आहे, रिकाम्या पोर्चमधला तेलाचा डाग आहे. आई त्यात एकदाच येते, ताट वाढताना. बाबा 2009 मध्ये गेले.

धाकटी एप्रिलमध्ये शिवाजी विद्यापीठात पेपर तपासणीसाठी गेली असता तिच्या गाडीचा क्लच गेला. कोणीतरी उद्यमनगरातले एक गॅरेज सुचवले. काम होईपर्यंत ती आत बाकावर बसली होती, तेव्हा मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक बुटकी गाडी दिसली. मागची पाटी तेवढी उघडी होती. एमपासून सुरू होणारी जुन्या पद्धतीची तीन अक्षरे आणि पुढे चार आकडे. बेरीज नऊ. तिने ताडपत्री बाजूला केली. रंग आता गडद तांबडा. मेस्त्रींना विचारून तिने समोरच्या खणाचे झाकण उघडले आणि आतून बोट फिरवले. दोनदा रंग बसूनही 'ळ' हाताला लागत होता. साताऱ्याला फोन आला तेव्हा थोरलीला पहिली दोन मिनिटे फक्त हुंदके ऐकू आले, आणि ती घाबरलीच.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी मिळून गेलो. मेस्त्री साठीतले, मोजके बोलणारे. गाडीवर मात्र भरभरून बोलले. कंत्राटदाराच्या गोठ्यात ती कित्येक वर्षे नुसती उभी होती, कोंबड्या अंडी घालत होत्या. 2011 मध्ये त्यांनी ती उचलली, इंजिन बांधले, खालचा कुजलेला पत्रा नवा घातला. मुंबईतल्या टॅक्स्या तेव्हा भराभर मोडीत निघत होत्या. त्यांचे सुटे भाग त्यांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून पोत्याने आणले. कुर्ल्यात जन्मलेल्या गाड्या कुर्ल्यातच तुकड्यांनी विकल्या जात होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला 2003 मध्ये नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर 2023 मध्ये तीही बंद झाली. 'आता दार लागलं तर दार मिळंना झालंय,' मेस्त्री म्हणाले. गाडी विकणार का, हे विचारायचे आमच्या मनात होते. त्यांनी ते ओळखले असावे. 'मॅडम, बसा, फिरवून आणतो. इकायची तेवढी न्हाई.'

मग त्यांनी कपाटातून एका पिशवीत जपलेले जुने आरसी बुक काढले. 'हे बगा, सगळं जुनं ठेवलंय.' आम्ही उत्साहाने बाबांचे नाव शोधू लागलो. पहिले नाव सांगलीच्या डॉक्टरांचे. मालकी बदलल्याच्या पानावर, 1986 चा शिक्का आणि त्याखाली आईचे नाव. पूर्ण नाव, बाबांचे नाव मधे घेऊन. शेजारी तारणाची नोंद: शिक्षकांची एक पतसंस्था. 1991 मध्ये बोजा उतरल्याचा दुसरा शिक्का. त्यानंतर थेट 1998, कंत्राटदार. बाबा कुठेच नव्हते.

आमचे चेहरे पाहून मेस्त्रींना काहीतरी बोलावेसे वाटले असावे. 'त्यावरच घेतली की मी. बाईमाणसाच्या नावाची गाडी जपून वापरलेली असत्या.'

त्यात गूढ काही नव्हते. बाबांची वकिली हंगामी, पगारपत्रक कुठून आणणार? कर्ज मिळण्यासारखे माणूस घरात एकच होते, ती माध्यमिक शाळेतली शिक्षिका. पतसंस्थेने कर्ज दिले ते कर्जदाराच्या नावावर गाडी असेल या अटीवर. पाच वर्षे हप्ता तिच्या पगारातून कापला गेला. हे सारे आम्हाला तिथे उभ्या उभ्या, अंकगणितासारखे उलगडले. थोरलीला आणखी एक गोष्ट आठवली: गाडी आली त्या वर्षीच्या गौरींच्या फोटोत आईच्या हातात नुसती काचेची कांकणे आहेत. पाटल्या बँकेत ठेवल्यात, असे तेव्हा सांगितले होते.

कराडला परतून आम्ही आईला विचारले. तिचे वय 78. तिने चष्मा पुसला.

'मग कुणाच्या नावावर असणार? हप्ता मी भरत होते.'

'सांगितलं का नाहीस कधी?'

'काय सांगायचं? दारावर पाटी लावायची होती?' मग थोडे थांबून, 'ह्यांनी कधी नाकारलं नाही हो. विकायचे फॉर्म पण माझ्याच सहीचे, एकोणतीस आणि तीस. कारकुनाबरोबर शाळेत पाठवले होते. मधली सुट्टी होती. वाचून सही केली मी.'

'तुला विकायची होती का?'

याचे उत्तर तिने दिले नाही. उठून आतल्या खोलीतून तिने एक लिफाफा आणला. त्यात शिकाऊ परवाना होता, 1997 चा, पन्नाशीतल्या आईच्या फोटोचा. बाबांचे डोळे बिघडल्यावर शाळेच्या प्रशिक्षणाचे निमित्त सांगून ती साताऱ्याला गेली होती आणि तो काढून आली होती. 'सहा महिन्यांची मुदत असते. एकदा जेवताना विषय काढला होता मी.'

तो विषय आम्हा दोघींनाही आठवत होता, दुर्दैवाने अगदी स्पष्ट. बाबा काहीच बोलले नव्हते. हसलो होतो आम्ही. थोरली म्हणाली होती, 'आई, तू आणि ड्रायव्हिंग?' आणि धाकटीच्या नाकात पाणी गेले होते. थोरलीचे तेव्हा बीएचे शेवटचे वर्ष चालू होते. तिच्या टेबलावर 'स्मृतिचित्रे' होते, समासात पेन्सिलीने खुणा केलेले. ते पुस्तक पुढे आम्ही दोघींनी वर्षानुवर्षे शिकवले. घरातल्या बाईचे कर्तृत्व कुटुंबाच्या बोलण्यातून कसे निसटते, यावर चांगली व्याख्याने दिली, टाळ्याही घेतल्या. ललित लेखाचे कात्रण आईने त्याच लिफाफ्यात ठेवलेले होते. त्याविषयी ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मे महिन्यात आम्ही तिला उद्यमनगरला नेले. मेस्त्रींनी गाडी धुऊन पुसून बाहेर काढून ठेवली होती. आम्हाला वाटले होते ती हळवी होईल. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, रंग आवडला नसल्याचे सांगितले आणि बॉनेट उघडायला लावले.

'घाटात फडकं ठेवता का पंपावर?'

'न्हाई लागत आता, आई. विजेवरचा पंप बसवलाय मागं टाकीजवळ.'

'हे आधी सुचायला हवं होतं,' ती म्हणाली. मेस्त्री हसले आणि त्यांनी चालकाच्या बाजूचे दार उघडून धरले. तिने एकदा आमच्याकडे पाहिले, पदर खोचला आणि बसली. क्लच दाबून तिने दांडा एकेका गिअरमध्ये टाकून पाहिला: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा मधोमध. न चुकता. गाडी बंदच होती. नंतर मेस्त्रींनी शाहू मिल चौकापर्यंत तिला फिरवून आणले. तेव्हा ती पुढे बसली, त्रिकोणी काच तोंडाकडे वळवून.

संध्याकाळी आम्ही कराडकडे निघालो. गाडी धाकटी चालवत होती, आई तिच्या शेजारी. किणी टोलनाक्यावर बराच वेळ रांगेत उभे राहून गाडी पुढे निघाली, आणि एवढा वेळ डोळे मिटून बसलेली आई म्हणाली, 'किती ओढतेस तिला? दुसऱ्यात टाक आता.'