न बोलणाऱ्या यंत्राचा दुभाषी

डहाणू-पालघरकडील पाड्यावर शिकवावयास गेलेल्या नव्या शिक्षकास पहिल्याच दिवशीं एक गोष्ट कळून येते, ती ही कीं, गांठीं ज्ञान कितीही असलें तरी मुलांची बोली जाणणारा दुभाषी मध्यें नसेल तर तें ओठांशींच थांबतें. यंत्रांच्या जगांतही हाच न्याय आहे. संगणक एक भाषा बोलतो, त्यास जोडलेलें उपकरण दुसरी. आणि उभयतांमध्यें बसून एकाचें म्हणणें दुसऱ्यास समजाविणारी जी लहानशी आज्ञावली, तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. नांव सारथ्याचें, काम मात्र दुभाष्याचें!

आमच्या संगणकवर्गांतील यंत्रें जुनीं आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची मोफत देखभाल संपली, आणि पुढची आवृत्ती पेलण्याचें बळ त्यांत नव्हतें. तीं भंगारांत द्यावीं असाही विचार निघाला. परंतु बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या पुष्कळ पालकांच्या घरीं संगणक नाहीं. हीं यंत्रें गेलीं तर त्यांच्या मुलांचीं बोटें कळफलकास लागणार कोठें? म्हणून आम्हीं त्यांवर लिनक्स ही युनिक्सच्या वळणाची विनामूल्य प्रणाली बसविली. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहिला, आणि पुढें जगभरच्या हजारों लोकांनीं तो वाढविला. यंत्रें पुन्हां उमेदीनें चालूं लागलीं. मात्र इंटरनेटची तार वर्गापर्यंत पोंचत नव्हती, म्हणून बोटभर लांबीचें यूएसबी वायफाय उपकरण आणिलें. तें खोंचलें, पण जाळें कांहीं दिसेना. विक्रेत्याचें उत्तर ठरलेलें: “हें विंडोजवरच चालतें.”

तेव्हां नववींतील एक मुलगी म्हणाली, “सर, आमचे बाबा सांगतात, पान्याला हात लावायच्या आधीं नट किती नंबरचा तें बघ.” तिचे वडील बोईसरला फिटर आहेत. त्या एका वाक्यानें आमचा मार्ग आंखून दिला. खोक्यावरील नांवावर विसंबूं नये, हा या विद्येंतील पहिला धडा; कारण एकाच नांवाच्या उपकरणाच्या दोन आवृत्त्यांत निरनिराळ्या कंपन्यांच्या चिप असूं शकतात. खरी ओळख पटते ती आंतील क्रमांकावरून. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा देतांच त्या क्रमांकाचे दोन भाग पडद्यावर आले. पहिला, शून्य-बी-डी-ए, तैवानच्या रिअलटेक कंपनीचा; दुसरा, एक-ए-दोन-बी, सांगत होता कीं, हें उपकरण या घडीस सीडीचें सोंग घेऊन बसलें आहे! अशा कित्येक उपकरणांच्या पोटांत विंडोजचा ड्रायव्हर सीडीच्या रूपानें ठेवलेला असतो, आणि ती ‘सीडी’ बाहेर काढण्याची आज्ञा मिळाल्यावरच तीं मूळ रूपांत येतात. हें काम ‘यूएसबी-मोडस्विच’ करतो. सोंग उतरलें, दुसरा भाग बदलून सी-८११ झाला, आणि खरी चिप ओळखूं आली.

या चिपचा दुभाषी लिनक्सच्या गाभ्यांत फेब्रुवारी २०२३ मध्यें, ६.२ या आवृत्तींत, दाखल झाला. आमचा गाभा ६.१, एकाच पायरीनें मागें. तेव्हां स्वयंसेवकांनीं खुला ठेवलेला त्याचा मूळ मजकूर आणून तो येथेंच घडवावयाचा असें ठरलें. पण ड्रायव्हरसाठीं इंटरनेट हवें, आणि इंटरनेटसाठीं ड्रायव्हर! पेटीची किल्ली पेटींतच. यावर तोड मुलांनींच काढली: मोबाईल तारेनें संगणकास जोडून ‘यूएसबी टेथरिंग’ चालू केलें, आणि त्याचें जाळें घटकाभर उसनें घेतलें. मग गाभ्याच्या ‘हेडर’ फाइली व घडणीचीं साधनें उतरवून ड्रायव्हर तयार केला. तो ‘डीकेएमएस’च्या स्वाधीन केला, कारण गाभा बदलला कीं जुना ड्रायव्हर जुळत नाहीं, आणि हा व्यवस्थापक तो त्या त्या वेळीं आपोआप नव्यानें घडवितो. शेवटीं ‘मॉडप्रोब’ची आज्ञा दिली. पडद्यावर शाळेच्या जाळ्याचें नांव उमटतांच वर्गांत टाळ्यांचा कडकडाट झाला.

या सर्वांत मला मोल वाटतें तें त्या खुल्या मजकुराचें. आपल्या शेजारीं तारापुरास १९६९ सालीं सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. त्यांचें इंधनही १९६३ च्या करारानें अमेरिकेकडूनच यावयाचें. १९७४ ची पोखरण चाचणी आणि १९७८ चा अमेरिकन कायदा यांनंतर तें अडलें, व १९८२ सालीं फ्रान्सकडे वळावें लागलें. पुढें तेथेंच २००५-०६ मध्यें ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या आपल्या अभियंत्यांनीं स्वतःच्या आराखड्यानें उभ्या केल्या. अणुभट्टी कोठें आणि बोटभर उपकरण कोठें! तरी बोध एकच: ज्या वस्तूचें मर्म दुसऱ्याच्या कुलपांत आहे, ती विकत घेतली तरी पुरती आपली होत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांचें तोंडही आपण पाहिलें नाहीं अशांनीं आपल्यासाठीं श्रम करून ते मोकळे ठेविले. त्या ऋणाची फेड आभाराच्या शब्दांनीं होत नाहीं. शिकलेलें पुढच्यास दिल्यानें होते. या कामाच्या सर्व पायऱ्या मुलांनीं सोप्या मराठींत लिहून वर्गाच्या भिंतीवर लाविल्या आहेत. ज्या शाळेस त्या हव्या असतील, तिनें खुशाल उतरून घ्याव्या.